ज्यांना माजघर होतं

आंबूस वासाला कुणी नाक मुरडलं की माझं डोकं फिरतं. परवाही फिरलं. रनाळ्याला पुतण्याच्या मुलीचं लग्न, म्हणून कितीतरी वर्षांनी नाशिकहून तिकडे निघाले होते. नंदुरबारला गाडीतून उतरून रिक्षा केली, सूनबाई शेजारी बसलेली, आणि एका बोळाच्या तोंडाशी तो वास आला. ओल्या पिठाचा, किंचित ताडीसारखा, मागून गोडसर. सूनबाईने लगेच पदर नाकाला लावला. "काहीतरी नासलंय इथे."

"नासलेलं नाही गं बाई, जिवंत आहे," मी म्हटलं. "थांबव रिक्षा."

बोळ तोच होता. पावाची भट्टीही तीच, म्हणजे जागा ती. विटांच्या घुमटाऐवजी उंच लोखंडी ओव्हन आला होता, भिंतीला हिरवा ऑइलपेंट लागला होता. गल्ल्याशी तिशीची एक बाई उभी होती, कोपरापर्यंत पिठाने माखलेली. तिचं कपाळ पाहिलं. ते कपाळ मी ओळखत होते. खारी मागायची सोडून मी बाकावर बसून घेतलं. वयाचा एक फायदा असतो, म्हातारी कुठेही बसली तरी कुणी हटकत नाही.

त्या भिंतीच्या पलीकडे आम्ही भाड्याने राहायचो. शेती रनाळ्याला, पण दादाची इंग्रजी शाळा इथे, म्हणून आईने इथे बिऱ्हाड थाटलं होतं. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचा काळ. मागचं अंगण आमचं आणि भट्टीवाल्यांचं मिळून एकच, मध्ये कंबरेएवढी भिंत. भिंतीला टेकून कडुलिंबाचं झाड. आमच्याकडच्या फांदीवर आईचं लुगडं वाळायचं, त्यांच्याकडच्या फांदीवर पिठाची पोती. उन्हाळ्यात लिंबाचा मोहोर दोन्हींवर सारखाच गळायचा.

मला त्या घरातले ऋतू वासावरून आठवतात. थंडीत भट्टीचा धूर जाड यायचा, बाभळीच्या लाकडाचा, आणि खमिराचा, त्या आंबवून ठेवलेल्या पिठाचा, वास अगदी मंद, आजाऱ्यासारखा दबलेला. तेव्हा खमिराच्या मडक्याला गोधडी गुंडाळायचे. पावसाळ्यात ओल्या पोत्यांचा वास त्यात मिसळायचा. वैशाखात तर विचारू नका. मडकं उतू जायचं, वास भिंत ओलांडून आमच्या स्वयंपाकघरात शिरायचा आणि आई चुलीपुढून ओरडायची, "दार लावी ले वं! आनि त्या भट्टीनं काही तोंडमा घालू नको, सांगी ठेवस."

सांगून ठेवायचा काय उपयोग? मी त्याआधीच भिंतीपाशी उभी राहून गरम नान खाल्लेला असायचा. तो द्यायची हमीदा. भट्टीवाल्यांची मुलगी, माझ्याच वयाची, पंधरा-सोळाची. "आठे ये वं, गरम शे," एवढंच म्हणायची आणि नान भिंतीवर ठेवायची. फुंकर मारून तोडला की आतून वाफ निघायची आणि आत सगळी भोकंच भोकं. मी त्या भोकांत जीभ घालून बसायची. तसला नान पुढे कुठे मिळाला नाही.

तो भट्टीतला नान नव्हे, बरं का. भट्टीचं खमीर वेगळं, तिच्या अब्बाच्या हातचं, बाजारासाठी. हमीदाचं घरचं खमीर निराळं होतं. तिच्या अम्मीने लग्नात बऱ्हाणपूरहून मडक्यातून आणलेलं. अम्मीला तिच्या अम्मीने दिलेलं, तिला तिच्या. त्यांच्याकडे रीतच होती, मुलगी सासरी निघाली की आईच्या मडक्यातलं खमीर घेऊन निघायची आणि सासरी पहिली रोटी त्याचीच. रोज थोडं काढायचं, रोज तेवढंच पीठपाणी वर घालायचं, चिमटीभर गूळ, तोंडाने बिस्मिल्लाह. मडकं कधी रिकामं झालंच नाही. हमीदा चौदाची असताना अम्मी तापाने गेली. मय्यत घरात असताना ही पोरगी उठून मडक्याला पीठ घालून आली होती. बायकांनी नावं ठेवली. मी भिंतीवरून बघत होते, मला तेव्हा काही कळलं नाही. आता कळतं. तिला आई ठेवता आली नाही, मडकं तरी ठेवायचं होतं.

त्याच सुमारास दादा बडोद्याला कॉलेजात गेला आणि सुट्टीत येताना एक पितळी सूक्ष्मदर्शक घेऊन आला, कुठल्याशा जुन्या बाजारातून. घरात त्याला सगळे 'नळी' म्हणायचे. पहिल्या दिवशी दादाने कांद्याचा पापुद्रा सोलला, त्यावर जखमेला लावायचं टिंक्चर आयोडीन टाकलं आणि मला म्हणाला, "बघ." मी डोळा लावला. विटांची भिंत दिसली, आणि प्रत्येक विटेत एक पिवळट ठिपका.

"ते त्यांचं माजघर," दादा म्हणाला. "त्या जिवाची सगळी अक्कल त्या माजघरात, पडद्याआड ठेवलेली. बाहेर चूल वेगळी, कोठार वेगळं. कामं वाटून दिलेली."

मग गालाच्या आतून काडी फिरवून त्याने स्वतःच्याच पेशी दाखवल्या. त्यातही माजघर. बेडकाचं रक्त दाखवलं, आईने पाटावरून उठून शिव्या घातल्या, तरी त्यातही माजघर. मग दही. दह्यात नुसत्या काड्या. बारीक, उघड्या, आत काही नाही.

"यांना माजघर नाही," दादाने सांगितलं. "अक्कल आहे, पण ती घरभर सांडलेली. पडदा नाही, खोली नाही. जगातला प्रत्येक जीव या दोनांपैकी एका घरातला. हे बिनमाजघरवाले आधीचे, फार जुने. आंबा, कापूस, भूछत्र, बैल, तू, मी, आपण सगळे माजघरवाले."

शेवटी मी हमीदाकडून वाटीत खमीर मागून आणलं. त्यात दोन्ही निघाले. दह्यासारख्या बारीक काड्या होत्याच, पण त्यांच्यात टपोरे, लांबट गोल जीव, एकाच्या कुशीतून दुसरा फुटत असलेला. त्यांच्या पोटात मला खोली दिसली, मी आनंदाने ओरडले. दादा हसला. "ती नुसती पाण्याची पिशवी. यांचं माजघर रंग दिल्याशिवाय दिसत नाही. पण आहे, पुस्तकात लिहिलंय. हे एकएकटे राहतात, तरी आपल्या गोत्रातले."

आई दारात उभी. "म्हणजे त्या भट्टीनं खमीर आपला गोतमानं, आनि मन्हं इरजन परकं?"

"हो आई."

"बडोदाले पाठाडं तेच चुकनं," आई म्हणाली आणि विरजणाची वाटी पदराखाली झाकून घेऊन गेली. आम्ही पोट धरधरून हसलो. घर इतकं हसलेलं मला पुन्हा आठवत नाही.

मी ते सगळं भिंतीवरून हमीदाला सांगितलं. तिला नळीतून दाखवलंसुद्धा, आई देवळात गेली होती तेव्हा. ती कितीतरी वेळ डोळा लावून बसली. नंतर हळूच म्हणाली, "ह्या अम्मीना हातना शेतस." हे अम्मीच्या हातचे आहेत. मग माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला वाटलं, ते जीव मीच घडवलेत. आमच्या घरी हुशार दादा. मला हुशार म्हणणारी जगात ती एकटीच. आणि मी? अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली. माजघरवाले म्हणजे घरंदाज, बिनमाजघरवाले म्हणजे उपरे, भिकारडे, पटकीसारखे रोग आणणारे, असा मी मनाशी निवाडाच करून टाकला. दादाने असं काही सांगितलं नव्हतं.

पुढच्या वैशाखात हमीदाचा निकाह ठरला. सुरतेचं नानबाई, म्हणजे पिढीजात नान-रोटी भाजणारं घराणं. नानबायांच्या घरात सून म्हणून जायचं, आणि पहिल्याच दिवशी रोटी करून दाखवायची! आणि नेमकं त्या उन्हाळ्यात खमीर आंबट झालं. आंबट म्हणजे जिभेला चटका बसावा इतकं. हमीदा भिंतीपाशी आली तेव्हा रडवेली होती. "सासू तोंडमा घालताच थुकी देई," म्हणाली. "अम्मीनं नाव जाई."

कुठल्याही जाणत्या बाईने सांगितलं असतं, थोडंच ठेव, बाकी काढून टाक, ताजं पीठ दोनदा घाल, गार जागी ठेव. पण तिला जाणती बाई उरली नव्हती आणि तिने विचारलं मला. दादा त्या आठवड्यात रनाळ्याला गेला होता. मी क्षणभरही थांबले नाही. म्हटलं, "आंबट करतात त्या काड्या. त्या मारायच्या, बस. ऊन पाण्यात मडकं ठेवू. काड्या बारीक, उघड्या, त्या लगेच मरतील. तुझे अम्मीचे मोठे आहेत, घरदार असलेले, ते तग धरतील."

हमीदा घुटमळली. "अम्मीनं कव्हयच तपाडं नही वं."

"अम्मीने नळीतून बघितलं होतं का?"

हे वाक्य मी उच्चारलं. या तोंडाने. ती म्हणाली, "तुले समजस. तू सांगशी तसं."

दुपारची वेळ, भट्टीवरची माणसं झोपलेली. लिंबाखाली आम्ही दोन दगड मांडले, काटक्या पेटवल्या, पातेल्यात पाणी, पाण्यात मडकं. ती लाकडी कालथ्याने ढवळत होती, मी काटक्या सारत होते. मडक्यातून वास यायला लागला, आधी छान, भाजल्यासारखा. बोट घालवेना इतकं तापलं तेव्हा मी म्हटलं, "अजून थोडं." झाडावर होला घुमत होता. आम्ही दोघी गप्पा मारत होतो, तिच्या बांगड्यांच्या, सुरतेच्या. इतकी सुखात होते मी त्या दुपारी.

दुसऱ्या दिवशी मडक्यावर एकही बुडबुडा नव्हता. तिने पीठ घातलं, गूळ घातला. तिसऱ्या दिवशी वास आला, खरबूज कुजल्यासारखा, आणि कालथा उचलला की लगद्याची तार निघायची. लिबलिबीत. तिने मडकं उन्हात ठेवलं, सावलीत ठेवलं, गोधडीत गुंडाळलं, त्यापाशी बसून तोंडाने काहीबाही पुटपुटत राहिली. पाचव्या दिवशी मला भिंतीपाशी बोलावलं. चेहरा कोरडा. "मरी गयं वं," म्हणाली.

तिची फूफी, म्हणजे आत्या, लग्नासाठी आली होती. तिने मडक्यात एकदा डोकावून निकाल दिला, "काही हातांत खमीर जगत नाही. या पोरीच्या हातात बरकत नाही." तापवल्याचं हमीदाने कुणाला सांगितलंच नव्हतं. तिच्या लेखी तो उपाय होता, तिचा हातच उपायाला पुरा पडला नव्हता.

दादा परतला. मी वाटीभर लगदा लपवून आणला आणि त्याच्यापुढे ठेवला. त्याने थेंब काचेवर घेतला, बराच वेळ बघितलं. "हे कुणी तापवलं?" त्याने विचारलं. "माजघरवाले झाडून सगळे मेलेत गं. नुसती टरफलं राहिलीत. आणि या काड्या बघ कशा माजल्यात. या पिठातून आलेल्या. यांच्यातल्या काही वेळ पडली की कडक बी होऊन बसतात, उकळलं तरी मरत नाहीत. उष्णता सोसत नाही ती आपल्यासारख्यांना. घर जितकं मांडलेलं, तितकं लवकर मोडतं."

"मला काय ठाऊक, भट्टीशेजारी राहिलं असेल," मी म्हटलं.

बस. एवढंच. त्या घटकेला मला सगळं कळलं होतं. भिंत कंबरेएवढी. पाच पावलं चालून गेले असते, म्हटलं असतं, हमीदा, तुझा हात नाही गं, माझी अक्कल. नाही गेले. आईला कळेल म्हणून भ्याले, दादा नळीला हात लावू देणार नाही म्हणून भ्याले, हे सगळं खरं आहे आणि हे सगळं खोटं आहे. मला हुशार म्हणणारं ते एक माणूस होतं आणि ते मला गमावायचं नव्हतं. म्हणून मी तिला तिच्याच नजरेतून उतरू दिलं.

तिला पोचवायला मी आईची परवानगी काढून स्टेशनवर गेले. तिच्या मांडीवर मडकं होतंच, रीत मोडायला नको म्हणून अब्बाने त्यात भट्टीचं खमीर भरून दिलं होतं. ते तिने धरलंही नव्हतं नीट, हात बाजूला ठेवून बसली होती. मी खिडकीशी उभी राहिले आणि मला रडू फुटलं. तिला वाटलं, तिच्या जाण्याचं. तिने बुरख्यातून हात काढून माझा गाल पुसला. "तू रडू नको. तू कितली मेहनत करी मन्हासाठे. मन्हाच हातमा बरकत नही, तू काय करशी?"

गाडी हलेपर्यंत वेळ होता. भरपूर वेळ होता. मी तिला तसंच जाऊ दिलं.

पुढे माझं लग्न झालं, दादा गेला, ती नळी कुणा भंगारवाल्याकडे गेली असेल. पत्र लिहिणार कसं, तिला वाचता येत नव्हतं, आणि दुसऱ्याने वाचून दाखवावं असलं ते पत्र नव्हतं. मी शाळेत मास्तरीण झाले. तीस वर्षं मुलींना कांद्याचा पापुद्रा दाखवला. "हे केंद्रक, हे असणारे एक, नसणारे दुसरे," असं फळ्यावर दोन रकाने आखून शिकवलं. मागे एकदा नात कॉलेजातून आली आणि सांगायला लागली, "आजी, आपल्या पेशीतली ती चूल आहे ना, जिच्यावर सगळी ताकद शिजते, ती मुळात आपली नव्हेच. कोणे एके काळी एक बिनकेंद्रकाचा जीव आत आला आणि राहूनच गेला. त्याच्यावाचून आपलं पान हलत नाही." मी तिला म्हटलं, "पुन्हा सांग." तिला वाटलं, आजीला ऐकू आलं नाही. ज्यांना मी उपरे म्हणून चुलीवर चढवलं, ते आमच्याच माजघराबाहेर अनादी काळापासून चूल पेटवून बसले होते. आणि खमिरातही त्या काड्या नि ते टपोरे जीव एकमेकांना धरूनच पिढ्यान्‌पिढ्या जगत आले होते. ते वेगळे करायला कुणी सांगितलं होतं मला?

"दादी, पाणी देऊ का?" गल्ल्यावरच्या बाईने विचारलं, तेव्हा मी भानावर आले. सूनबाई घड्याळ बघत होती.

मी तिला विचारलं, हमीदा तुझी कोण. तिचा चेहरा उजळला. "हमीदाफूफी? माझ्या अब्बांची फूफी. तुम्ही ओळखता? चार वर्षं झाली जाऊन." पीठ झटकत ती बाकावर माझ्याशेजारी येऊन बसली. फार बोलकी पोरगी. सांगत सुटली, फूफीसारखी रोटी सुरतेत कुणी लाटली नाही, भट्टीचा ताव नुसत्या गालाने ओळखायची, सासूने तिला डोक्यावर घेतलं होतं. "फक्त एक वेड होतं. खमिराला हात लावायची नाही. अख्खा जन्म नानबायांच्या घरात, पण मडकं नेहमी जावा उघडणार, नंतर सुना. म्हणायची, माझ्या हाताने मरतं. स्वतःच्या मुलीचं लग्न झालं, मडकं भरायची वेळ आली, तर ही दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून बसली. सावली पडायला नको म्हणून."

मी विचारलं, "आणि ती मुलगी?"

"झुबेदाआपा? ती पण खमिराला हात लावत नाही. आईचा हात लेकीत उतरतो म्हणतात ना. साठीला आली, अजून शेजारणीकडून घालून घेते."

सूनबाई म्हणाली, "आई, उशीर होतोय." मी तिला म्हटलं, "तू रिक्षात बस." आणि मग त्या पोरीला मी सगळं सांगितलं. लिंबाखालचे दोन दगड, पातेलं, अजून थोडं म्हणाले ते. स्टेशनसुद्धा सांगितलं. साठ वर्षं दडवलेलं, सांगायला पाच मिनिटं पुरली. तिने ऐकून घेतलं. रागावली नाही, समजूत घातली नाही. उठली, हात पुसले, गल्ल्यावरचा फोन ओढला आणि सुरतेचा नंबर फिरवला. "आपा, एक दादी बात करना चाहती है," म्हणाली आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

मी माझ्या मोडक्या हिंदीत बोलले. तुझ्या आईचा हात चांगला होता. खमीर तापवल्यामुळे मेलं, तापवायला मी सांगितलं. तुझ्या आईने काही बिघडवलं नव्हतं, तूही लाव हात, आजपासून लाव.

पलीकडून अगदी हमीदाच्या आवाजात, पण वयस्क, "तो अम्मी का हाथ अच्छा था?"

"अच्छा था, बेटी. बहुत अच्छा था."

"आपको कब मालूम हुआ?"

मला खोटं बोलता आलं असतं. "उसी हफ्ते," मी म्हटलं.

"अम्मी तो उसके बाद पचपन-छप्पन साल जीं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, ती खरोखर विचारत होती. "आपने उनको क्यों नहीं बोला?"

"दुनिया में वही एक मुझे होशियार कहती थी," मी म्हटलं.